बाळंतिणीचं पाणी

पद्माबाईला हिंगोलीत खोली मिळाली ती एका शब्दावर. भिवाजी तेव्हा एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून नुकताच लागला होता आणि नवरा-बायको, सोबत लहानगी लेक वच्छला, हट्टा गावाहून एक ट्रंक आणि दोन बोचकी घेऊन गावात आली होती. दारोदार एकच अनुभव. आधी नाव विचारायचे, मग गाव, मग आडनाव. आणि आडनाव कळलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. भिवाजी म्हणायचा, या गावात कालचा दिवस लई मोठा होता म्हणायचा, सगळ्या खोल्या एका दिवसात गेल्या. हसून म्हणायचा, पण संध्याकाळी धर्मशाळेत परतताना तो बोलत नसे.

नर्मदाबाईंनी मात्र नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. पांढऱ्या लुगड्यातली किडकिडीत विधवा बाई, अंगणातल्या आडाच्या काठावर हात ठेवून उभी होती. दोघांना तिनं आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "पाणी किती लागतं तुमाला?"

"कमी," पद्माबाई म्हणाली.

झालं. मागच्या दोन खोल्या मिळाल्या. नर्मदाबाईंना जात, गोत, देव, सोयरे या सगळ्यांहून आपल्या आडातलं पाणी प्यारं होतं आणि त्याबाबतीत त्या कुणालाही सोडत नसत, सख्ख्या भावालाही. आडाचा दोर रात्री उशाला घेऊन झोपणारी ती बाई. तिच्या भाडेकरूंनी आजवर सहा महिन्यांच्या वर तग धरला नव्हता. पद्माबाईला तिथं आठ वर्षं झाली.

याचं कारण असं, की पद्माबाईला काटकसरीची नुसती सवय नव्हती, तिला त्यात गोडी होती. दुसऱ्या बायकांना नवं लुगडं मिळाल्यावर होतो तसा आनंद तिला एका बादलीत दोन कामं झाली की व्हायचा. घरात विजेचा मीटर एकच, तोही नर्मदाबाईंच्या बाजूला. दोन बिऱ्हाडांमधली भिंत वरपर्यंत गेलेली नव्हती. पत्र्याच्या खाली हातभर जागा मोकळी होती. पद्माबाईनंच सुचवलं, की बल्ब त्या मोकळ्या जागेत टांगला तर एकाच्या उजेडात दोन्ही घरं चालतील. नर्मदाबाई इतक्या खूष झाल्या की पुढचे कितीतरी दिवस त्या येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून आत न्यायच्या आणि तो बल्ब दाखवायच्या. त्या मोकळ्या जागेतून उजेडाबरोबर बोलणंही जायचं, हे नंतर ध्यानात आलं. पद्माबाईच्या घरात नवरा-बायकोत काही बोलणं निघालं की भिंतीपलीकडून नर्मदाबाई आपलं मत देत असत. भिवाजीला आधी राग यायचा. मग तोही कधीमधी भिंतीकडं तोंड करून विचारू लागला, "काय वो मालकीणबाई, माजं चुकलं का?"

तर असं सगळं सुखात चाललेलं असताना बहात्तरचा दुष्काळ आला. गावच्या नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. आडाचं पाणी इतकं खाली गेलं की दोराला दुसरा दोर बांधावा लागला. राकेलला रांग, लाकडाला रांग. शेजारपाजारच्या बायका कपाळाला हात लावून बसल्या आणि पद्माबाईच्या अंगात मात्र संचारलं.

तिनं काय काय केलं ते सगळं सांगत बसलो तर संध्याकाळ होईल. न्हाणीचं पाणी बाहेर जायच्या भोकाखाली तिनं रांजण पुरला. अंघोळीचं पाणी त्यात, त्यातलं धुण्याला, धुण्याचं दोडक्याच्या वेलाला. लाकडाच्या गिरणीतून भुसा आणून भुश्याची शेगडी लावली. मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासायचा, बाटली काढून घ्यायची आणि खालून पेटवायचं, की दुपारपर्यंत शांतपणे जळत राहते. जुनी पितळी भांडी तव्याच्या काजळीनं काळी करून सकाळीच पत्र्यावर ठेवली की चैत्राचं ऊन फुकट पाणी तापवून द्यायचं. आणि वरण. वरणाला एक उकळी आणून पातेलं ती गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवी. तासा-दोन तासांत डाळ आपोआप शिजून येई, सरपण वाचे. एकदा भिवाजी रात्रपाळी करून आला आणि गोधडी दिसली म्हणून तिच्यावर टेकला. ताडकन उठला. त्या दिवशी वरण सांडलं नाही, पण भिवाजी दोन दिवस डेपोत उभ्यानंच काम करत होता, आणि भिंतीपलीकडून नर्मदाबाईंचं हसू थांबत नव्हतं.

पाणी धरायच्या घमेल्यांची युक्ती मात्र खुद्द भिवाजीची. डेपोत गाडीखाली गळणारं तेल धरायला पत्र्याची तबकडी सरकवतात, ते बघून त्यानं घरी दोन-चार घमेली आणली. हात धुवा, घमेलं. चूळ भरा, घमेलं. पद्माबाईच्या पायाला तर अशी सवय लागली, की कुठं पाणी पडताना दिसलं की हात कामात असला तरी पाय आपसूक घमेलं पुढं ढकलायचा.

पण हे सगळं नुसत्या गोडीनं चाललं नव्हतं. पद्माबाईला एक काळजी लागली होती.

वच्छलेचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. औंढ्याच्या पलीकडं एका खेड्यात तिला दिलं होतं आणि आता तिला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. पण माघ सरता सरता औंढ्याच्या गाडीचा कंडक्टर डेपोत भिवाजीला निरोप देऊन गेला. वच्छलेची सासू चांगुणाबाई हिचा निरोप: "सूनबाईचं बाळंतपण आमी इथंच करून राहिलो. हिंगोलीत पाण्याची बोंब हाय म्हणून ऐकलं. आमच्या विहिरीला पाणी हाय. तुमी तकलीफ घेऊ नका."

पद्माबाईनं निरोप ऐकला आणि ती चुलीपुढं नुसती बसून राहिली. तिची स्वतःची आई लहानपणीच गेली होती. वच्छलेच्या वेळी तिला माहेर नव्हतं. सासरच्या परसात, सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर उरलेल्या गार पाण्याची बादली तिच्या वाट्याला आली होती. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पण त्या बादलीशी बसून पद्माबाई इतकी रडली होती, की तेव्हाच तिनं मनाशी ठरवलं होतं: आपल्या लेकीला बाळंतपणात आपण आपल्या हातानं कढत पाणी घालू, मन भरेपर्यंत. आता ते हातचं जायची वेळ आली होती.

"ते न्हाई चालणार," भिंतीपलीकडून नर्मदाबाई म्हणाल्या. "लेक तुझी हाय. तू निरोप धाड."

पद्माबाईनं निरोप धाडला. एकदा येऊन घर बघा, पाणी बघा, सरपण बघा, मग काय ते ठरवा. विहिणीचं उत्तर आलं, की पाडवा झाल्यावर बाजाराच्या दिवशी येते.

मग काय विचारता. घरात राकेलची चिमणी पेटायची बंद झाली. दिवेलागणीच्या आत जेवणं. वाचलेल्या पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, ढीग वळचणीखाली चढत चढत खिडकीला लागला. भिवाजीला घरात शिरायच्या आधी हाताचं काळं ऑइल भुश्यानं पुसायचं फर्मान निघालं. पद्माबाई स्वतः तांब्याभर पाण्यात अंग ओलं करून मोकळी व्हायची. आणि ज्या दिवशी विहीण यायची, त्या दिवशी तिनं पहाटेच घरातली सगळी घमेली दाराजवळच्या खाटेखाली लपवली. पाहुणीला घर भरलेलं दिसायला पाहिजे, कंजूष नाही. तेवढी अक्कल तिला होती.

चांगुणाबाई दुपारच्या गाडीनं आली. उंच, काळीसावळी, चेहऱ्यावर कुणाची भीड नसलेली बाई. लुगडं धुळीनं लाल झालेलं. पद्माबाईनं तिला दारातल्या दगडावर उभं केलं आणि भरला तांब्या घेऊन तिच्या पायांवर पाण्याची धार धरली. सढळ हातानं, खळखळ. आणि त्याच क्षणी तिचा उजवा पाय आपला आपण खाटेखाली गेला, एक घमेलं बाहेर ओढलं आणि ते नेमकं विहिणीच्या पायांखाली सरकवून दिलं.

पाणी घमेल्यात पडल्याचा आवाज झाला. दोघींनी खाली बघितलं.

"हे काय?" चांगुणाबाई म्हणाली.

पद्माबाईनं घाईघाईनं घमेलं पायानं परत मागं सारलं.

"माह्या पायाचं पाणी बी धरून ठेवता का, इहीनबाई? आज माह्या पायाचं धरलं, उद्या माह्या सुनेच्या न्हाणीचं धरसाल. अन् तेच लेकराला घालसाल."

"लेकराला न्हाई, ते दोडक्याला जातं," भिंतीपलीकडून नर्मदाबाईंनी खुलासा केला.

त्या खुलाशानं काय व्हायचं ते झालं. चांगुणाबाई खाटेवर दाराकडं तोंड करून बसली, ती जेवायला उठायलाच तयार नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत जाते म्हणाली. मधल्या सुट्टीत भिवाजी घरी आला, त्यानं हकिकत ऐकली आणि पडती बाजू सावरायला गेला. "इहीनबाई, तुमी मनाला लावून घेऊ नका. आमच्या डेपोत तर मोठ्या सायबाच्या गाडीचं तेल बी आमी असंच धरतो." चांगुणाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो भाकरी हातात घेऊन उभ्या उभ्याच डेपोत परत गेला.

पद्माबाईचं सगळं अवसान गेलं होतं. जे दाखवायला बोलावलं तेच नासलं, तेही स्वतःच्या पायानं. विहीण गाडीत बसली की लेक हातची गेली, हे तिला स्वच्छ दिसत होतं. बराच वेळ ती उंबऱ्यात बसली. मग उठली, पत्र्यावरची उन्हानं तापलेली दोन भांडी उतरवली, शेगडीवरचं कडुलिंबाचा पाला घातलेलं कढत पाणी त्यात ओतलं आणि न्हाणीत दोन बादल्या काठोकाठ भरून ठेवल्या. एवढं पाणी त्या घरात एका माणसासाठी महिन्या-दोन महिन्यांत निघालं नव्हतं.

"गाडीला अजून येळ हाय," ती विहिणीला म्हणाली. "एवढ्या धुळीतून आलात, न्हाऊन तरी घ्या. घमेलं न्हाई, काही न्हाई. पाणी रांजणात पडू नये म्हणून मी फरशी बी लावून आले. जाऊ द्या भसाभसा वाहून."

चांगुणाबाई काही तरी तोडून बोलणार होती. पण वाफेचा वास आला. कडुलिंबाचा, गरम. ती उठली आणि पडद्याआड गेली.

पद्माबाई बाहेर कान देऊन बसली. भसाभसा काही ऐकू येईना. एक तांब्या पडला, मग कितीतरी वेळ अंग घासल्याचा आवाज. दुसरा तांब्या, तोही हळूच. मग लुगडं आपटल्याचा आवाज. पद्माबाईला वाटलं, रागानं हिनं अंगावर पाणीच घेतलं नाही.

विहीण बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता, केस ओले होते, अंगावर पद्माबाईनं काढून ठेवलेलं लुगडं आणि पिळलेलं आपलं हातात होतं. पद्माबाई न्हाणी आवरायला आत गेली. एक बादली जशीच्या तशी होती आणि धूळ पडू नये म्हणून तिच्यावर पितळी ताट झाकलेलं होतं. दुसरीत निम्मं पाणी शिल्लक होतं. आणि पाणी बाहेर जायच्या भोकात फडक्याचा बोळा घट्ट कोंबलेला होता. पाणी अडवून, अंघोळीच्याच पाण्यात चांगुणाबाईनं लुगडं धुतलं होतं.

पद्माबाई बोळ्याकडं बघत राहिली. मग मागं वळून विहिणीकडं बघितलं. चांगुणाबाई दाराशी आली होती आणि तीही बोळ्याकडंच बघत होती.

"सवय," चांगुणाबाई म्हणाली.

"कशाची सवय, इहीनबाई? तुमच्या तर विहिरीला पाणी हाय."

चांगुणाबाई न्हाणीच्या दगडावरच टेकली. लुगड्याचा पिळा मांडीवर ठेवून म्हणाली, "संक्रांतीलाच गेलं वो पाणी. तळ दिसून राहिला. मी अन् सूनबाई झऱ्यात वाट्या बुडवून पाणी आणतो. पोरगं दुष्काळी कामावर खडी फोडतं, त्याला अंगावर घ्यायला तांब्या मिळत न्हाई."

"मग असा निरोप काहून धाडला?"

"भ्या वाटलं मला." ती बाई, जिच्या चेहऱ्यावर कुणाची भीड नव्हती, ती आता पदराशी खेळत होती. "तुमच्याकडं नळ हाय, बल्ब हाय. लेकरू घेऊन इथं दोन महिने उजेडात बसली, तर आमच्या चिमणीपाशी परत काहून येईल ती? मी असते तर आले नसते."

पद्माबाईला आधी समजलंच नाही. आणि समजल्यावर तिला जे हसू फुटलं ते आवरेना. तिनं विहिणीचा हात धरला, तिला खोलीत आणली आणि भिंतीवरची मोकळी जागा दाखवली. "हा आमचा उजेड. अर्धा बल्ब हाय आमच्या वाट्याला. तो बी मालकीणबाईला झोप आली की जातो."

"अर्धा कुठला," नर्मदाबाई पलीकडून म्हणाल्या. "तुमच्याकडं जास्तीच पडतो. मी बराबर बघितलंय."

चांगुणाबाई क्षणभर भिंतीकडं बघत राहिली आणि मग तीही हसायला लागली. पोटभर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खूप दिवसांनी हसणाऱ्या माणसासारखी.

मग ती जेवायला बसली. गोधडीतून वरण निघालेलं बघून तिनं तोंडात बोट घातलं आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या. जेवणं झाल्यावर तर दोघींची चढाओढ लागली. पद्माबाईनं रांजण दाखवला, तर विहीण म्हणे, आमी भांडी पाण्यानं धुतच नाही. गरम राखेनं घासायची अन् कोरड्या फडक्यानं पुसायची, बघा कशी लखलखतात. पद्माबाईनं लगेच एक वाटी घासून बघितली. खरंच लखलखली. एवढ्या वर्षांत ही गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही म्हणून ती हळहळली. नर्मदाबाईही मग भिंतीपलीकडून न बोलता स्वतः उठून आल्या आणि तिघी अंधार पडेपर्यंत बसल्या. संध्याकाळची गाडी केव्हाच निघून गेली होती. सकाळी जाताना चांगुणाबाई म्हणाली, "येत्या आठवड्यात सूनबाईला आणून सोडते. पण सव्वा महिना झाला की मी न्यायला येईन, सांगून ठेवते."

"मीच घेऊन येते तिला," पद्माबाई म्हणाली. "तुमच्या चिमणीपाशी बसवून, दोन दिस तिच्याजवळ राहून मग परत फिरीन."

वच्छला वैशाखात बाळंत झाली, घरीच. सरकारी दवाखान्यातली नर्स वेळेवर आली आणि सगळं सुखरूप पार पडलं. मुलगी झाली. नातीला बघायला चांगुणाबाई दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं आली ती राहिलीच. नर्मदाबाईंनी त्या दिवशी जे केलं ते हिंगोलीत कुणाला खरं वाटलं नसतं: उशाचा दोर आणून त्यांनी पद्माबाईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, लागंल तितकं ओढ.

पहिल्या न्हाणाच्या दिवशी पद्माबाई पहाटेच उठली. कडुलिंबाचा पाला घालून हंडाभर पाणी खळखळून तापवलं; वाचवून ठेवलेल्या पऱ्हाट्या तिनं हात आखडता न घेता चुलीत सारल्या. वच्छला दगडावर येऊन बसली. अशक्त झाली होती, गुडघे पोटाशी घेऊन अंग चोरून बसली होती. पद्माबाईनं पहिला तांब्या तिच्या पाठीवर ओतला, मग दुसरा. वच्छलेनं झटकन तळव्यांनी अंगावरचं पाणी निपटलं, केस बादलीवर धरून पिळले आणि उठायला लागली.

"बस आई. झालं माजं."

"खाली बस."

"न्हाई आई, सासरी एवढ्यातच होतं. कशाला उगी सांडायचं?"

पद्माबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत खाली बसवलं. ती हसत होती. तिनं तांब्या बुडवला आणि लेकीच्या डोक्यावरून धार सोडली, मग पुन्हा, मग पुन्हा, मधे थांबलीच नाही. वच्छला आधी नको नको म्हणत होती. मग गप्प झाली. मग तिनं गुडघे सोडले, पाय लांब केले, मान वर करून डोळे मिटले आणि पाणी चेहऱ्यावर घेऊ लागली.

हंडा संपला. पद्माबाई वळून दुसरं पाणी आणायला उठणार, तोच बघते तर पडदा बाजूला सारून चांगुणाबाई भरली बादली घेऊन उभी होती.

"सरका," ती म्हणाली, "आता माह्या हातचं घालू द्या."